टाचणीबाईचा पुढचा दात

बाजारात तिला सगळे टाचणीबाई म्हणत आणि तिला ते चालायचं. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या ओठांत टाचण्या असणारच, पण हिच्या ओठांत त्या काम नसतानाही असत. शेजारचा छत्रीवाला कुणाची तरी नक्कल करी, दुकानातली गिऱ्हाइकं पोट धरून हसत, आणि टाचणीबाई ओठ घट्ट मिटून नुसती नाकातून हसे. लोकांना वाटे, काय कामसू बाई आहे, हसायलाही हिला फुरसत नाही! खरं कारण टाचण्यांच्या मागे होतं. तिचे वरचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले होते, आणि त्यातला डावीकडचा एक तर रांग मोडून पुढे घुसणाऱ्या माणसासारखा सरळ बाहेर आला होता. लहानपणी त्याच्यावरून तिने इतकं ऐकून घेतलं होतं की पुढे तिने ऐकायची वेळच येऊ दिली नाही. तोंडात टाचण्या आहेत म्हटल्यावर ‘जरा हस की’ असं कोण म्हणणार?

मुलगी शिकून कामाला लागली, परगावी राहायला गेली, आणि टाचणीबाईच्या डोक्यावरचा भार उतरला. तेव्हा तिने एका रात्री जेवताजेवता जाहीर केलं, “अहो, मी दातांना तारा लावून घेणार आहे.”

नवरा टपाल खात्यात पत्रं लावून लावून शांत झालेला माणूस होता, पण त्याचाही घास हातात राहिला. “या वयात? अगं, लोक म्हणतील रेडिओ नीट लागत नव्हता म्हणून एरियल बसवली.”

“म्हणू देत. सगळ्या बाजाराचं फिटिंग मी करून दिलं. माझ्या तोंडाचंच तेवढं राहिलंय.”

नवऱ्याने पुढे वाद घातला नाही. ही बाई बोलून मोकळी होते तेव्हा मनातून ते काम कधीच सुरू झालेलं असतं, हे त्याला संसारात पुरतं कळलं होतं.

आत्याने मात्र दुकान डोक्यावर घेतलं. टाचणीबाईची आई लवकर गेली, तेव्हा याच आत्याने तिला वाढवलं आणि पाय पुरायला लागल्याबरोबर मशीनवर बसवलं. आता आत्याला नीट दिसत नव्हतं, तरी ती रोज दुकानाच्या कोपऱ्यात बसून बटणं लावायची आणि काठ दुमडून हातशिलाई करायची. सगळं बोटांच्या अंदाजाने, आणि टाका असा की डोळसाने लाजावं. तिचा स्वतःचा पुढचा दात कधीच पडला होता.

“माझा गेला, तसा तुझाही जाईल,” आत्या म्हणाली. “वय झालं की दात जातातच, पोरी. जाणाऱ्याला सरळ करून काय मिळवणार आहेस?”

“सरळ होऊन गेला तरी चालेल,” टाचणीबाई म्हणाली आणि टाचण्या ओठांत धरून कामाला लागली.

तारांची डॉक्टर तिच्या मुलीच्या वयाची होती. चेहरा हसरा, हात हलका आणि प्रश्न विचारायची भारी हौस. तिने दातांचा प्लास्टरचा साचा काढला, फोटो काढले, एक्स-रे काढला, आणि तो एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावल्यावर मात्र ती पुढे वाकून एकाच दाताकडे बघत राहिली.

“ताई, हा दात बघा. शेजारच्या दातांच्या मधोमध काळी रेघ दिसते ना? ती दाताच्या आतली पोकळी. तिथे नस असते, रक्त असतं, दात त्याच्यावर जगतो. तुमच्या या दातात ती रेघच नाहीये.”

टाचणीबाईने डोळे बारीक करून पाहिलं. बाकीच्या दातांत रेघ होती. त्या बाहेर आलेल्या दातात वरपासून खालपर्यंत सगळं पांढरंच होतं.

“म्हणजे काय झालंय त्याला?”

“पोकळी आतून चुन्यासारखी भरून आलीय. दाताला एकदम मार बसला किंवा वर्षानुवर्षं थोडा थोडा ताण पडला की तो स्वतःला वाचवायला आतून भिंती जाड करत जातो. लहानपणी पडला होतात? तोंडावर काही आपटलं होतं?”

“नाही.”

“नखं खायची सवय? पेन चावायची? दाताने बाटलीचं झाकण उघडणं, कडक काही फोडणं?”

“छे! मी काय अडाणी आहे?”

डॉक्टरने सगळं लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. “असा दात दुखत नसेल तर त्याला हात लावायचा नसतो. पण तारांनी ओढताना त्याच्या आत जे काही थोडं जिवंत उरलंय ते मरू शकतं. तसं झालं तर रूट कॅनल करावं लागेल, आणि आत शिरायची वाट, तो कॅनलच यात बुजलेला. मी एकदम हलका जोर लावेन, अधूनमधून एक्स-रे काढेन. पण दात जाणार नाही, असं मी लिहून देऊ शकत नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही.”

टाचणीबाईने आपल्या आयुष्यात पुष्कळ महागडी कापडं कापली होती. पहिली कात्री चालवताना कापड वाया जायची भीती असतेच. ती नको असेल तर धंदा बदलावा, हे तिचं पहिल्यापासूनचं मत होतं.

“लावा तारा,” ती म्हणाली.

तारा लागल्या आणि तिच्या नाकी नऊ आले. गाल आतून सोलवटले, जेवण म्हणजे शिक्षा झाली. छत्रीवाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं, “काय टाचणीबाई, आज टाचण्या गिळल्या की काय?” आणि ती विसरून तोंड उघडून हसली. अख्ख्या गल्लीने तिच्या तारा पाहिल्या. मग लपवायला उरलंच काय? त्या दिवसापासून टाचण्या मशीनजवळच्या छोट्या उशीला टोचलेल्या राहू लागल्या, आणि तिला आतून फार बरं वाटलं. दात हलू लागले. एकावर एक चढलेले उतरले, बाहेरचा आत यायला लागला. रात्री ती आरशासमोर उभी राहायची तेव्हा नवरा म्हणायचा, “किती बघशील? झिजेल तो आरसा.”

आणि मग माशी शिंकली. त्याच दातावरचं ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायची ती चिमुकली पट्टी, निघून आली. डॉक्टरने पुन्हा चिकटवली. ती पुन्हा निघाली. “कडक काही खाल्लंत?” “नाही हो.” पुढे दात पिवळसर दिसू लागला. एका सकाळी ती उठली तेव्हा वरचा ओठ सुजला होता आणि त्या दातामागे ठणका लागला होता. नव्या एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाला एक काळसर गोल दिसला.

“आतलं मेलंय, ताई,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाली. “टोकाशी जंतू धरलेत.”

टाचणीबाईला रडू आलं नाही, राग आला. राग कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं, म्हणून तो जास्तच आला.

तिने ज्यांच्याकडे पाठवलं ते मुळांचे, म्हणजे रूट कॅनल करणारे डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी तिच्या तोंडावर रबराचा पडदा ताणला, त्यातून तो एकच दात बाहेर काढला, आणि वरून दुर्बिणीसारखं यंत्र ओढून घेऊन त्यात डोळे घातले. केसापेक्षा बारीक सुया ट्रेमध्ये ओळीने मांडल्या होत्या. ते दाताच्या मागून भोक पाडत, थांबत, पाहत, एक्स-रे काढत, पुन्हा जरा पुढे जात. टाचणीबाई खुर्चीचे हात धरून पडून राहिली. सुईत दोरा ओवताना माणूस जसा श्वास धरतो तसा ते डॉक्टर धरत होते, आणि त्यांच्याबरोबर तीही धरत होती.

शेवटी त्यांनी यंत्र बाजूला सारलं.

“वाट सापडत नाहीये. याच्यापुढे गेलो तर तो अंदाज होईल, आणि अंदाजाने मूळ फुटतं. म्हणून थांबलो.”

ती पडदा निघेपर्यंत थांबली. मग म्हणाली, “थांबलात ते बरं केलंत. अंदाजाने मीही कापड कापत नाही.”

“जंतू मारायचं औषध आत भरून ठेवतो. दात जरा शांत होऊ दे, मग एकदा पुन्हा बघेन. एकदाच. पण तोवर तो हलता कामा नये. हलायला लागला तर मग मी हात लावणार नाही, काढून टाकलेला बरा.”

घरात सगळ्यांनी एकच सूर लावला. नवरा म्हणाला, “अगं, काढून टाक आणि नवा बसव. हल्ली हुबेहूब मिळतात.” मुलीने फोनवर तेच सांगितलं. आत्या तर जिंकल्यासारखी बसली होती. “मी म्हटलं नव्हतं? वय झालं.”

“मी माझे दात सरळ करायला गेले होते,” टाचणीबाई म्हणाली. “नवे आणायला नाही. शेवटपर्यंत जाऊ दे मला. मग काढा म्हणाल तर काढेन.”

तारांच्या डॉक्टरने त्या दातावरची तार सैल करून टाकली, म्हणजे त्याला कुठूनच ओढ नको. टाचणीबाईने कंबर कसली. जेवण बारीक करून, दुसऱ्या बाजूने. झोपताना तोंडाखाली हात नाही. जिभेने दात चाचपायचा मोह होई तोही आवरला. इतकं जपून ती तपासायला गेली, आणि डॉक्टरने दोन बोटांत धरला तर दात हलला.

डॉक्टरने पुन्हा हलवून पाहिला. “असं कसं? तार सैल आहे. मी ओढत नाहीये, तुम्ही चावत नाही आहात. तरी कुणीतरी याला ओढतंय.” तिने हातमोजे काढले आणि स्टूल ओढून समोर बसली. “ताई, मुळांच्या सरांना मला हे सांगावं लागेल. आता सोडून द्यायची वेळ आलीय बहुतेक.”

“उद्या सांगा,” टाचणीबाई म्हणाली. तेवढंच तिला सुचलं.

संध्याकाळी ती मशीनवर बसून काम उपसत होती. इतक्यात दारात डॉक्टर उभी. हातात तिचा पांढरा कोट, त्याचं बटण तुटलेलं. ते निमित्त होतं हे पोरसवदा चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. सकाळी जड बातमी दिली म्हणून तिला चैन पडलं नसावं.

“बसा, आत्ता लावून देते.”

टाचणीबाईने सुईत दोरा ओवला, बटण धरलं, चार टाके घातले, खाली दोरा गुंडाळला, गाठ मारली. कोट तोंडाजवळ नेला, दोरा पुढच्या दातात धरला आणि मानेला हिसका दिला. दोरा तुटला नाही. तिने दुसरा हिसका दिला, जरा जोरात.

“ताई!”

डॉक्टर अशी ओरडली की छत्रीवाला छत्री घेऊन धावत आला.

“काय झालं?”

“काय केलंत तुम्ही आत्ता?”

“बटण लावलं.”

“त्याच्यानंतर!”

टाचणीबाईने हातातल्या कोटाकडे पाहिलं. दोऱ्याचं टोक ओलं होतं. आणि मग तिला कळलं. श्वास घेतला हे जसं कुणी लक्षात ठेवत नाही, तसं हेही तिच्या कधी ध्यानात राहिलं नव्हतं. आत्याने पहिल्या दिवशी शिकवलं होतं, कात्री कापडाला, दात दोऱ्याला. हात मशीनवरून उचलून कात्री शोधत बसलीस तर काम कधी करशील? तो बाहेर आलेला दात दोऱ्याला अगदी सोयीचा होता. पोरवयापासून दिवसभर, प्रत्येक शिवणीच्या शेवटी त्यालाच ओढ बसत आली होती. तारांनी दात आत घेतल्यापासून दोरा पूर्वीसारखा पटकन तुटेना, म्हणून ती हिसके द्यायला लागली होती.

“तुम्ही नखांचं विचारलंत,” ती म्हणाली. “पेनचं विचारलंत. दोऱ्याचं नाही विचारलंत.”

“मला कुठे ठाऊक होतं!” डॉक्टर कपाळाला हात लावून बसली. “साच्यात त्या दाताच्या कडेला खाच होती. मी रोज बघायचे. म्हटलं, जुनी झीज असेल. सगळा दोष दोऱ्याचाच असं मी म्हणत नाही, तारांचाही वाटा असेल. पण ताई, हे असंच चालू राहिलं तर त्याला देवही वाचवणार नाही.”

टाचणीबाई उठून उभी राहिली. इतक्या दिवसांच्या रागाला आता पत्ता सापडला होता. हा राग स्वतःवरच होता, आणि तरी तिला हायसं वाटलं. तारेवर तिचा इलाज नव्हता, वयावर नव्हता. या हातावर होता.

“सरांना उद्या काही सांगू नका,” ती म्हणाली. “थोडे दिवस द्या मला. दात हलायचा थांबला नाही तर मी स्वतः येऊन सांगेन, काढा.”

सवय मोडणं म्हणजे काय ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. तिने छोटी कात्री फितीला बांधून गळ्यात अडकवली. कात्री गळ्यात राहिली आणि हात तोंडाकडे गेला. पुन्हा गेला. दर दोऱ्याला जात होता. तिला धडकीच भरली. तिने छत्रीवाल्याला कामाला लावलं; त्याला दुसरा उद्योग नव्हता, आणि ओरडायला त्याला आवडायचंच. हिचा कोपर वर गेला की तो आपल्या फळीवरून “कात्री!” म्हणून बोंबलायचा. घरी नवऱ्याकडे तीच जबाबदारी होती. ती फाटकी चादर शिवत असतानाही तो पेपराआडून लक्ष ठेवून असायचा. कामं रेंगाळली, गिऱ्हाइकं कुरकुरली. एक बाई तर रागावून कापड परत घेऊन गेली. टाचणीबाईने तिला थांबवलं नाही.

आत्या रुसली. “माझ्या शिकवण्यात खोट निघाली म्हणायची. कात्री शोधण्यात जन्म जाईल तुझा.”

“जाऊ दे,” टाचणीबाई म्हणाली. आत्याशी ती इतकं तोडून कधी बोलली नव्हती.

दात हलायचा थांबला. एकदम नाही, पण थांबला. तारांच्या डॉक्टरने तो दोन बोटांत धरला, पुन्हा धरला, आणि लगेच फोन उचलून मुळांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

पुन्हा तो रबराचा पडदा, पुन्हा ते यंत्र. या वेळी त्यांनी वाट उमटावी म्हणून आत निळा रंग सोडून पाहिला, पुसला, नुसत्या सुईच्या टोकाने खरवडलं, पाहिलं. मान अवघडली तरी टाचणीबाई हलली नाही. तिने मनाशी खूणगाठ बांधली होती की आपल्या बाजूने आज एकही चूक व्हायची नाही. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. सुई आत जाई, घसरे, बाहेर येई. मग एकदा ती आत गेली आणि अडकली. डॉक्टरांचा हात तसाच थांबला. सुईचं टोक कापडाच्या दोन पदरांच्या मध्ये नेमकं शिरतं तेव्हा बोटांना जे कळतं, ते त्यांच्या बोटांना कळलं असावं, कारण त्यांनी रोखलेला श्वास सोडला.

“सापडली,” ते म्हणाले.

टाचणीबाईला बोलता येत नव्हतं. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे वाहत गेलं. मदतनीस बाईने ते टिपलं आणि काम पुढे चालू राहिलं.

टोकाशी धरलेला तो काळसर गोल पुढच्या एक्स-रेंमध्ये लहान होत गेला. दात रांगेत आला. तारा निघाल्या त्या दिवशी डॉक्टरने तिला आरसा दिला आणि म्हणाली, “हा एक जरा पिवळा राहणार. वरून टोपी बसवली तर शेजाऱ्यांसारखा दिसेल.”

“बघू पुढे. आधी त्याला श्वास घेऊ दे.”

निघताना डॉक्टरने तिला पहिल्या दिवशी काढलेला प्लास्टरचा साचा दिला. तो घेऊन ती दुकानात आली. छत्रीवाल्याने तिला हसायला लावलं, नवऱ्याने कामावरून लवकर येऊन उगाचच दोनदा हसायला लावलं. आत्या कोपऱ्यात बटणं लावत होती.

“आण इकडे, कसे होते ते बघू दे,” ती म्हणाली.

टाचणीबाईने साचा तिच्या हातात दिला. आत्याची बोटं चढलेल्या दातांवरून फिरली, बाहेर आलेल्या दातावर आली, त्याच्या कडेवर थांबली. तिथे दोऱ्याने पाडलेली खाच होती. बोट त्या खाचेत बरोबर बसलं. आत्याने ते पुन्हा फिरवलं. मग तिची जीभ आपल्याच तोंडात पुढच्या रिकाम्या जागेवर गेली, हे टाचणीबाईला ओठांवरून दिसलं.

“अशी खाच माझ्याही दाताला होती,” आत्या म्हणाली. “याच जागी. मला वाटलं, वय झालं.”

टाचणीबाईला तिला सांगावंसं वाटलं की तुझी चूक नाही, तुलाही कुणी तसंच शिकवलं असेल. पण तेवढ्यात आत्याने साचा मांडीवर ठेवला, अर्धवट राहिलेला सदरा उचलला, शेवटचा टाका घातला, गाठ मारली. सवयीने सदरा तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबली.

“पोरी,” तिने हात पुढे केला, “ती कात्री दे इकडे.”

टाचणीबाईने गळ्यातली फीत काढली आणि आत्याच्या गळ्यात घातली.